वाल्डेमार हाफकिन

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात उंदीर मरून पडू लागले. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या व्यापाराचा भाग. तेथील वखारींत गव्हा-तांदळाच्या गोण्या छतापर्यंत रचलेल्या असत आणि वखारींना लागूनच माणसांनी खच्चून भरलेल्या चाळी होत्या. मेलेले उंदीर पाहून प्रथम कोणास काही वाटले नाही. परस्पर पीडा गेली म्हणून कित्येकांस बरेच वाटले असेल. परंतु थोड्याच दिवसांत त्याच चाळींतील माणसे तापाने फणफणू लागली. काखेत किंवा जांघेत गाठ येई, रोग्याची शुद्ध हरपे, आणि बहुतेक रोगी आठवड्याच्या आत दगावत. मांडवीत दवाखाना चालवणारे, मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉक्टर आकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. तो प्लेग होता.

शहरात हाहाकार उडाला. ज्यांना शक्य होते त्यांनी बिऱ्हाड गुंडाळून गावाची वाट धरली. आगगाड्या आणि आगबोटी माणसांनी भरभरून जाऊ लागल्या. काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली, आणि त्यांच्यापैकी काहींच्या गाठोड्यांबरोबर रोगही गावोगाव गेला. जे मागे राहिले त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता. रोग शेजारच्या आळीपर्यंत आला आहे, उद्या तो आपल्या घरात येईल. तोवर घराने करावे तरी काय? त्या काळी प्लेगवर एकही खात्रीचे औषध नव्हते. गाठ आली की वैद्य आणि डॉक्टर दोघेही सारखेच हतबल होत. म्हणजे जे काही करायचे ते गाठ येण्यापूर्वीच करावयास हवे होते. पण ते काय, हे कोणासच ठाऊक नव्हते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक छत्तीस वर्षांचे शास्त्रज्ञ सरकारच्या सांगण्यावरून मुंबईस येऊन दाखल झाले. ते वैद्यकीचे डॉक्टर नव्हते. त्यांचा मूळ अभ्यास प्राणिशास्त्राचा. ते इंग्रज नव्हते आणि भारतीयही नव्हते. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेन देशात आहे. त्या वेळी ते रशियाच्या साम्राज्यात होते. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेच्निकॉफ यांच्यासारखे थोर गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हा शोध लावणारे ते हेच मेच्निकॉफ. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर वारंवार हल्ले होत. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी पुढे सरसावले, जखमी झाले आणि काही काळ तुरुंगातही गेले. पुढे विद्यापीठात अध्यापकाची जागा हवी असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी अट त्यांच्यासमोर आली. त्यांनी धर्म बदलला नाही. जागेवर पाणी सोडले. इ. स. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला आणि जिनिव्हात थोडा काळ काढून ते पॅरिसला गेले. तेथे लुई पाश्चर यांच्या संस्थेत काम मिळाले, परंतु ते प्रयोगशाळेतील नव्हते. ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा तेवढी रिकामी होती. हाफकिन यांनी ती घेतली, पुस्तके सांभाळली आणि उरलेल्या वेळात प्रयोग सुरू केले.

त्यांनी विषय निवडला तो पटकीचा. पटकी, म्हणजे कॉलरा, हा घाणेरड्या पाण्यातून पसरणारा रोग. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नाहीसा व्हावा, असा त्याचा झपाटा. हाफकिन यांनी गिनिपिग या लहान प्राण्यांच्या शरीरांतून पटकीचे जंतू एकामागून एक नेऊन ते अतिशय जहाल केले. दुसरीकडे तेच जंतू उष्ण हवेत वाढवून दुर्बळ केले. आधी दुर्बळ जंतू टोचावेत आणि काही दिवसांनी जहाल जंतू टोचावेत, म्हणजे शरीर रोगाशी झुंजावयास तयार होते, हे त्यांना प्राण्यांमध्ये दिसून आले. पण माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, आणि काही दिवसांत ते पूर्ववत झाले. त्यानंतर त्यांच्या काही मित्रांनीही ती घेतली.

त्याच वर्षी रशियात पटकीची साथ होती, पण त्या देशाने आपल्याच पुत्राची लस स्वीकारली नाही. पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे वकील होते. पटकीचे मूळ घर बंगाल, तेव्हा लशीची परीक्षा तेथेच व्हावी, असे त्यांनी सुचविले. इ. स. १८९३ च्या मार्च महिन्यात हाफकिन कलकत्त्यास उतरले.

येथे लोकांनी त्यांचे हार घालून स्वागत केले, असे समजू नका. एक परका माणूस सुई घेऊन दारात येतो आणि तुम्हांला कोणताही रोग झालेला नसताना तुमच्या अंगात काहीतरी टोचू पाहतो. त्याच्यावर विश्वास का ठेवावा? काही ठिकाणी त्यांच्यावर दगडही आले. हाफकिन यांनी सक्ती केली नाही. त्यांच्याबरोबर बंगाली डॉक्टरांचे एक लहानसे पथक असे, आणि लोकांची शंका फिटावी म्हणून ते लोकांदेखत आधी स्वतः टोचून घेत. इ. स. १८९४ च्या मार्चअखेर कलकत्त्याच्या काटालबागान नावाच्या वस्तीत पटकी शिरली. दोन तळ्यांभोवती वसलेली सुमारे दोनशे गरीब माणसांची ही वस्ती. त्यांपैकी ११६ जणांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. तळी तीच, पाणी तेच, हवा तीच. पुढील दिवसांत आणखी दहा जण आजारी पडले आणि त्यांतील सात मरण पावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक माणसांना हाफकिन यांनी पटकीची लस टोचली. अखेर हिवतापाने त्यांना गाठले आणि विश्रांतीसाठी युरोपात जावे लागले. ते परतले, आणि पुढे मुंबईचे बोलावणे आले.

मुंबईस भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई. जगातील पहिली प्लेगची लस या सामग्रीवर तयार व्हायची होती. प्लेगचे जंतू इ. स. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडले होते, त्यामुळे शत्रू कोण हे ठाऊक होते. हाफकिन रात्रंदिवस कामास जुंपले. त्यांच्या साहाय्यकांपैकी एकाचे मन या ताणाखाली खचले, दोघे काम सोडून गेले. हाफकिन थांबले नाहीत.

ती लस कशी होत असे, हे ऐकण्याजोगे आहे. मोठ्या काचपात्रांत मांसाचा रस्सा भरीत आणि त्यावर साजूक तुपाचे थेंब सोडीत. प्लेगचे जंतू त्या तरंगणाऱ्या तुपाला धरून वाढू लागत आणि छतावरून लोंबणाऱ्या कोळिष्टकांप्रमाणे त्यांचे धागे खाली उतरत. पात्रे काही आठवडे अजिबात न हलवता ठेवावी लागत. अधूनमधून तेवढी हलवून धागे तळाशी पाडायचे आणि नवे वाढू द्यायचे. पुरेसे जंतू साठले म्हणजे पात्रे तापवून ते सर्व मारून टाकीत आणि वर थोडे कार्बोलिक आम्ल घालीत. टोचायचे ते हे मेलेले जंतू. युरोपात असा रस्सा गोमांसाचा करीत. परंतु येथील हिंदूंना गाईचे आणि मुसलमानांना डुकराचे मांस निषिद्ध. म्हणून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस वापरले. ज्या घरांत ही लस जायची होती, त्या घरांचा विचार त्यांनी प्रयोगशाळेतच केला होता. पुष्कळ शहाण्या माणसांना हे सुचत नाही.

मेलेले जंतू टोचून लाभ काय, असे कोणी विचारील. अनोळखी चोरापेक्षा ओळखीचा चोर पकडणे सोपे असते. मेलेला जंतू रोग करू शकत नाही, परंतु त्याची खूण शरीरास पटते आणि त्याच्याशी लढणारी द्रव्ये रक्तात तयार होऊ लागतात. पुढे खरा जंतू आला तर शरीर बेसावध सापडत नाही. मात्र या तयारीस काही दिवस लागतात. गाठ आल्यावर धावतपळत जाऊन लस घेण्यात अर्थ नाही. घरात सर्व जण हसतखेळत असताना, कोणाचे डोकेदेखील दुखत नसताना ती घ्यावी लागते. आणि नेमके तेच माणसाला पटवून देणे सर्वांत अवघड असते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे इतरांना जेवढी मात्रा देत तिच्या तिपटीहून अधिक मात्रा त्यांनी घेतली होती. कडक ताप आणि वेदना सोसून ते काही दिवसांत बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे आपण होऊन पुढे आले, त्यांना लस दिली. टोचलेल्या कैद्यांत रोग फार थोडा झाला, न टोचलेल्यांत पुष्कळ अधिक झाला.

त्या वर्षी महाराष्ट्राने काय सोसले, ते येथे सांगितले पाहिजे. मार्चच्या १० तारखेस पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने मरण पावल्या. पुण्यात रोग आवरण्यासाठी सरकारने रँड नावाच्या अधिकाऱ्यास नेमले. गोरे शिपाई घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. रोगी असो वा संशयित, त्याला ओढून छावणीत नेऊ लागले. स्वयंपाकघर, देवघर, बायकामाणसांची खोली, कसलाच विधिनिषेध राहिला नाही. त्याचा परिणाम असा झाला, की लोक रोगी लपवू लागले. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास तुम्हांला ठाऊक आहेच. अशा काळात सरकारी बोलावण्यावरून आलेल्या माणसाची सुई लोकांनी संशयाने पाहावी, यात नवल नाही. नवल हे, की तरीही हजारो घरांनी ती घेतली. खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनी सर्वांसमक्ष टोचून घेतले आणि हाफकिन यांच्या कामास माझगाव येथे आपली वास्तू दिली. त्यांच्यामागून हजारो खोजा स्त्री-पुरुषांनी लस घेतली. डॉक्टर व्हिएगस यांनीही हजारो लोकांना स्वतःच्या हाताने लस टोचली. लोकांनी आपल्या माणसांचे ऐकले.

दमण हे समुद्रकाठचे गाव तेव्हा पोर्तुगिजांकडे होते. तेथे इ. स. १८९७ मध्ये साथ आली. टोचलेल्या २,१९७ माणसांपैकी ३६ मेली. न टोचलेल्या ६,०३३ माणसांपैकी १,४८२ मेली. दर शंभरांमागे किती, ते तुम्ही स्वतःच हिशेब करून पाहा.

तरीही शंका काढणारे होतेच. लस घेणारे लोक मुळातच स्वच्छ आणि चांगल्या घरांत राहणारे असतील, म्हणून वाचले असतील, असे ते म्हणत. शंका खोटी नव्हती. तिचे उत्तर इ. स. १८९८ च्या फेब्रुवारी महिन्यात बडोदे शहराजवळच्या उंडेरा या खेड्यात मिळाले. हे गाव महाराज सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात होते. गावात प्लेग होता. हाफकिन यांनी घरवार यादी घेतली आणि प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना टोचले. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे खाणाऱ्या माणसांत अर्धी टोचलेली आणि अर्धी न टोचलेली राहिली. पुढे काही आठवड्यांत २८ घरांत प्लेग शिरला. या घरांत टोचलेली माणसे ७१ होती. त्यांतील आठ आजारी पडली आणि तीन दगावली. न टोचलेली ६४ होती. त्यांतील २७ आजारी पडली आणि २६ दगावली.

या आकड्यांवरून नुसती नजर फिरवून पुढे जाऊ नये. लस कवच आहे, पण अभेद्य कवच नव्हे, हे त्या तीन मृत्यूंवरून दिसते. हाफकिन यांनीही तसा दावा कधी केला नाही. दुसरी गोष्ट त्या सव्वीस माणसांची. त्यांच्या शेजारी झोपणारे भाऊ, बहिणी, आईबाप टोचले गेले होते. ती राहिली होती. आज कोणत्याही शास्त्रज्ञाला, गुणकारी वाटणारा उपाय घरातील निम्म्या माणसांपासून असा दूर ठेवताना दहा वेळा विचार करावा लागेल, आणि तसा तो करावा लागतो हे बरेच आहे. त्या वेळी मात्र लशीची खात्री पटवण्यास दुसरा मार्ग दिसत नव्हता. उंडेऱ्याच्या त्या घरांनी दिलेल्या पुराव्यामुळे पुढे असंख्य घरांतील माणसे वाचली.

रोग उंदरांकडून माणसांकडे कसा येतो, हे त्या काळी नीट ठाऊक नव्हते. इ. स. १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी ते कराचीत शोधून काढले. उंदराच्या अंगावर पिसवा असतात. प्लेगने उंदीर मेला आणि त्याचे शरीर थंड पडले, की भुकेल्या पिसवा त्याला सोडून जवळ मिळेल त्या प्राण्यावर उड्या घेतात, आणि घरात जवळ असतो तो माणूस. अनेक वर्षे पुष्कळांनी ही गोष्ट मानली नाही. पण पुस्तकात येण्यापूर्वीच आपल्या खेड्यांतील माणसांनी अनुभवाने एक गोष्ट हेरली होती. उंदीर पडू लागले की घर सोडावे. गावे ओस टाकून लोक माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. घरे उघडी टाकीत, कौले काढून आत ऊन पाडीत, आणि साथ ओसरल्यावर परतत. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावासारख्या शेतकरी गावात आजही घरोघर धान्याची पोती असतात, आणि जेथे धान्य तेथे उंदीर हा नेम आहे. म्हणून पोती जमिनीपासून उंच फळीवर ठेवणे, बिळे बुजवणे, मेलेला उंदीर उघड्या हाताने न उचलणे आणि एकाएकी पुष्कळ उंदीर मेले तर आरोग्य केंद्रास कळवणे, ही घरची कामे जुनी झालेली नाहीत. इ. स. १९९४ मध्ये मराठवाड्यातच, बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगचे रोगी आढळले होते. आता या रोगावर गुणकारी औषधे आहेत. हाफकिन यांच्या वेळी त्यांपैकी एकही नव्हते.

इ. स. १८९९ च्या ऑगस्टमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळ येथील गव्हर्नरांच्या जुन्या वाड्यात गेली. या वाड्याची हकिकत विलक्षण आहे. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांची पत्नी इ. स. १८८२ मध्ये तेथेच पटकीने वारली, आणि पुढे गव्हर्नरांनी आपले निवासस्थान मलबार टेकडीवर नेले. रोगाने जो वाडा रिकामा केला, त्यातच रोगाविरुद्ध लस तयार होऊ लागली. येथून कुप्या भरून देशाच्या कानाकोपऱ्यांत आणि परदेशांतही जात.

पंजाबातून लशीची फार मोठी मागणी आली. लस लवकर आणि भरपूर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कृतीत काही बदल केले. कार्बोलिक आम्लावर न विसंबता उष्णतेनेच जंतू मारण्यावर भर दिला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ माणसांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ माणसांना एकाच कुपीतील लस दिली होती. आठवड्याभरात त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि सर्व मरण पावली. बाकीच्यांना काहीही झाले नाही.

ज्यांनी घर वाचावे म्हणून हात पुढे केला, त्यांच्याच घरी प्रेते निघाली. त्या गावाचे दुःख केवढे असेल! दोष कोणाचा, हे ठरवण्यासाठी मुंबईच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. धनुर्वाताचे जंतू मुंबईतच, लस तयार होताना कुपीत गेले असावेत, असे समितीचे मत पडले आणि दोष हाफकिन यांच्या नव्या कृतीवर आला. त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. इ. स. १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. ज्यांनी दोन रोगांवर लस शोधली, त्यांना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी काम उरले नाही.

परंतु चौकशीच्या कागदपत्रांतच एक बारीक गोष्ट नोंदलेली होती. मुलकोवाल येथे कुपीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करावयास हवा होता. त्याऐवजी औषधी पाण्यात बुचकळून तो पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय कुपी भरल्यापासून उघडेपर्यंत एक महिन्याहून अधिक काळ लोटला होता. एवढ्या काळात ते जंतू कुपीत वाढले असते तर उघडताच दुर्गंधी सुटली असती. टोचणाऱ्या डॉक्टरांनी लशीचा वास घेऊन पाहिला होता आणि तो त्यांना आला नव्हता. हिवताप डासांपासून होतो हे सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस यांनी हा पुरावा पुढे आणला. इ. स. १९०७ मध्ये त्यांनी आणि दुसऱ्या काही नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या वर्तमानपत्रात हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीरपणे लिहिले. प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला, आणि त्याच वर्षअखेर सरकारने हाफकिन यांच्यावरील ठपका मागे घेतला.

मधल्या पाच वर्षांची भरपाई मात्र कोण करणार? मुलकोवालची वार्ता पसरताच पंजाबात लस घेणारांची संख्या एकाएकी ओसरली. पुढील काही वर्षांत त्या प्रांतात प्लेगने लाखो माणसे घेतली. त्यांतील किती माणसे लशीने वाचली असती, याचा हिशेब लागणे शक्य नाही. एक चिमटा जमिनीवर पडतो, तो ज्योतीवर धरण्यास दोन क्षण लागतात. ते दोन क्षण वाचवले गेले, आणि वर्षानुवर्षे सायासाने मिळवलेला विश्वास गेला.

हाफकिन भारतात परत आले. परळच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा आता दुसऱ्याकडे होती. त्यांना कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेत नेमण्यात आले. पण तेथे लस तयार करण्याची सोय नव्हती. त्यांच्या हातून पूर्वीसारखे मोठे काम पुन्हा झाले नाही. पंचावन्नाव्या वर्षी, इ. स. १९१५ मध्ये, नियमाप्रमाणे निवृत्त होऊन ते युरोपात गेले. त्यांनी लग्न केले नव्हते. अखेरच्या काळात ते आपल्या धर्माच्या अभ्यासात रमले, आणि आपली मिळकत त्यांनी ज्यू धर्मशिक्षण देणाऱ्या शाळांसाठी ठेवली.

इ. स. १८९७ पासून १९२५ पर्यंत मुंबईतून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. इ. स. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ही वार्ता त्यांना युरोपात कळली, तेव्हा आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम वर्षे मुंबईच्या त्या कामात गेली, अशा आशयाचे कृतज्ञ उत्तर त्यांनी धाडले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान या गावी त्यांचे निधन झाले. त्या दिवसांतही परळच्या जुन्या वाड्यात प्लेगची लस कुप्यांत भरली जात होती.